हटवार वकिलाचं तिसरं सांगनं

हटवार वकील पह्यले कपड्याले हात लावत, मंग मानसासंग बोलत. अशील समोर येऊन बसला का त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक दोन बोटात धरत, चोळत आन् म्हनत, "हा मोहाडीच्या बाजारातला. चार धुन्यात इरला. भांडन मात्र याच्यापेक्षा जास्त टिकन, पाहा." त्यायचा बाप आमच्याच आंधळगावचा, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसनारा कोष्टी होता, म्हनून बोटायले ती सवय लागली होती. बायायच्या लुगड्याले ते हात लावत नसत. माह्याकडं पाहिलं तवा इतकंच म्हनले, "पोरीच्या टोपड्याची शिवन उसवली हाये वं. कान उघडा पडला तिचा."

त्यायले मी सगळं मिळून दहा-बारा वेळाच पाहिलं असन. त्यायच्या घरी कोन होतं, कुठं शिकले, हे मले मालूम नाही. ते भंडाऱ्याच्या कोर्टात बसत, आन् माही मोठी पोरगी आज माह्याजवळ हाये ते त्यायच्यामुळं, इतकंच मालूम. बारका आता झोपला हाये, तो उठेपर्यंत लिहून टाकते. मी चौथीपर्यंत शिकली, मंग धानाच्या रोवन्यावर गेली, तवा मोठमोठं लिहाची सवय नाही.

पह्यल्यांदा बाबासंग गेली ते आनीबानी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी, धान निसवून राह्यला होता तवा. एस.टी.तून उतरून कोर्टाच्या आवारात पाय ठेवला. लिंबाच्या झाडाखाली टिनाचं लंबं शेड, त्याच्याखाली टेबलाले टेबल लावून वकीलच वकील, सगळे काळे कोट. बाबा मनाशी मोजाले लागले, मंधात चुकले, पुन्हा मोजले. शान्या मानसानं कोर्टाची पायरी चढू नये म्हनतात, आन् बाबायनं आयुष्यभर चढली नव्हती. ते मले हळूच म्हनले, "पिंडावर बी इतके कावळे येत नाहीत वं."

जो सगळ्यात जवळ बसला होता त्यानं ते आयकलं, आन् तेच हटवार वकील निघाले. हासले नाहीत, रागावले बी नाहीत. चुन्याची डबी उघडत म्हनले, "आन् पिंडाले कावळा शिवला नाही तं तुमीच हात जोडून बसता ना जी, ये बाबा, ये बाबा म्हनत? बसा."

बाबा बसले. बसल्यावर बी त्यायची नजर शेडावरून हालेना. "इतके वकील कायले लागतात जी?" म्हनले.

"मले बी तेच कोडं हाये," वकील म्हनले. "या गावात जितके वकील हाएत तितके न्हावी नाहीत. न्हाव्याकडं मानूस पंधरा दिवसात एकदा जाते, आमच्याकडं जनमातून एकदा, तरी आमीच जास्त. मी बसलो तवा या शेडात बोटावर मोजन्याइतके होतो. तवा लोक आमाले भेत आन् मानत. आता भेत नाहीत, मानत बी नाहीत, पर येतात. येनं काही कमी झालं नाही." मंग माह्याकडं वळले. "सांग पोरी."

मी सांगितलं. काय सांगितलं ते मले आठवत नाही. सांगनं कमी, धापा जास्त. मधात पोरगी रडली, तिले पाजलं, पुन्हा सुरू केलं. वकिलायनं एक अक्षर लिहिलं नाही. हातावर तंबाखू चोळत लिंबाकडं पाहत बसले. मले वाटलं हे आयकूनच नाही राह्यले. माहं झालं तवा म्हनले, "हे झालं पह्यलं सांगनं. हे मनातला कचरा निघाले राहते. आता दुसऱ्यांदा सांग. फक्त आपल्या डोळ्यानं पाहिलं तेवढं. 'सासू म्हने' नोको, 'लोक म्हनतात' नोको."

दुसऱ्यांदा सांगितलं तं ते इतकुसंच निघालं. पोरीचा बाप सिहोऱ्याले काविळीनं गेला. पोरगी अकरा महिन्याची होती, नुकतीच पाय टाकाले लागली होती. तेरवीच्या दिवशी लोक जेवून गेले, मंग मामाजीनं, म्हनजे माह्या सासऱ्यायनं, मले बोलावलं. ओसरीत अर्जनवीस बसला होता, तो तहसिलीत लोकायचे कागद लिहून देते. मी दाराआड उभी राह्यली. मामाजी म्हनले, सूनबाई, कागदावर निशानी करून दे. सासूनं शाईची डबी आनली, मी दाराच्या फटीतून हात भायेर काढला, आंगठा टेकवला. मंग आठ दिवसासाठी म्हनून पोरीले घेऊन माहेरी आंधळगावले आली, त्याले सहा महिने झाले. आन् आता कोर्टाची नोटीस आली, का मामाजीले पोरगी पाहिजे. कागदात काय लिहिलं होतं ते त्या नोटिशीतून समजलं. मी आपल्या मर्जीनं पाट लावून दुसऱ्या घरी जानार, पोरगी आजा-आजीच्या हवाली केली, वाचून पाहिले, कबूल. आमच्याकडं विधवेचं दुसरं लगन होते त्याले पाट म्हनतात. रीत अशी का बाई पाटाले जाते तवा पह्यल्या घरचं लेकरू पह्यल्याच घरी ठेवून जाते. कोनी विचारत नाही का ठेवाचं का नाही.

वकील म्हनले, "कायदा तुह्या बाजूनं हाये. बाप नसला तं पालक माय, आन् इतकंसं लेकरू तं मायजवळच. पर कायदा राहते पुस्तकात आन् कागद राहते टेबलावर. जज्ज पह्यले टेबलावरचं पाहतात." तंबाखू तशीच हातावर होती. "आता तिसऱ्यांदा सांग. तुह्या सासऱ्याच्या तोंडानं."

मले समजलंच नाही. बाबाले समजलं आन् राग आला. "हे काय नाटक हाये जी? त्या मानसाचं आमी कायले बोलाचं? त्याचा वकील बोलन ना."

"बोलनच. आन् तो बोलन ते मी पह्यल्यांदा कोर्टात उभा राहून आयकू का? इथिसा बसलेले सगळे वकील आपल्या अशिलाचं आयकतात. माही फी दुसऱ्याचं आयकाची हाये. सांग वं. 'मी सिहोऱ्याचा म्हातारा' इथून सुरू कर."

मी पदर ओढला. मंग म्हनलं, "मी सिहोऱ्याचा म्हातारा. माहा एकच पोरगा होता." आन् पुढचं आपोआप आलं, ते कुठून आलं मालूम नाही. "सून वाईट नाही. तरनी हाये, पाटाले जाईन, जाव, मी आडवत नाही. पर पोरगी माह्या पोराची हाये. चालते तं डावा पाय जरा भायेर टाकते, तसाच तो टाके. त्या दुसऱ्या मानसाच्या घरी तिले भाकर देतीन. पर ती कोनासारखी चालते हे तठी कोन पाहीन?" बोलता बोलता मी मामाजीवानी खाकरली, बाबा माह्याकडं पाहूनच राह्यले. "सूनेनं राजीखुशीनं आंगठा देल्ला," मी म्हनलं.

"थांब," वकील म्हनले. "आंगठा? तुले सही येत नाही?"

"येते जी. चौथी शिकली."

"मंग आंगठा काहून देल्ला?"

मी पोरीचं टोपडं सावरलं. बाबाच म्हनले, "सासऱ्यासमोर सून सही करते का जी? नाव लिहाले बसली तं लोक म्हनतीन, शिकलेपना दाखवून राह्यली. निशानी कर म्हनजे आंगठाच."

वकिलायनं तंबाखू तोंडात टाकली, हात पुसला आन् पह्यल्यांदा कागद ओढून काहीतरी लिहिलं. एकच ओळ होती. काय लिहिलं ते सांगितलं नाही. "या आता. पोरीचं टोपडं शिवून आना," इतकंच म्हनले.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. मी तवा एवढी भेलेली राहो का दारात फटफटी थांबली तरी पोरीले उचलून मागच्या दारानं कोठ्यात जाऊन म्हशीच्या आड उभी राहो. सिहोऱ्याचं कोनी आलं, पोरीले घेऊन गेलं, असं दिवसातून दहादा वाटे. माय म्हने, "इतकी भेशीन तं दूध आटन तुहं." भंडाऱ्याले त्या टिनाखाली बसली का भेव जरा कमी होये. काहून ते मालूम नाही, तठी सगळेच भेलेले राहत म्हनून असन.

तारीख म्हनजे दिवसभर बसनं, पुकारा होईन तवा होईन. वकिलायच्या टेबलावर एक जाडं इंग्रजी पुस्तक राहे, पुठ्ठा निघालेलं, त्याच्यावर ते चुन्याची डबी ठेवत. अशील कंटाळले का डबी बाजूले करत आन् देशोदेशीच्या वकिलायच्या गोष्टी सांगत, म्हातारे राजा-रानीच्या सांगतात तशा. विलायतेत म्हने वकिलायच्या दोन जाती. एक अशिलाजवळ बसून त्याचं आयकते, पर मोठ्या कोर्टात बोलत नाही. दुसरा मोठ्या कोर्टात बोलते, डोक्यावर घोड्याच्या केसायचा टोप घालते, पर अशिलाच्या वाऱ्याले उभा राहत नाही.

बाबा म्हनले, "म्हनजे एक रडनं आयकते आन् दुसरा रडते."

वकील इतके हासले का खुर्चीवर टांगलेला कोट खाली पडला. तो उचलून झटकत त्यायनं पुढं सांगितलं. जपानात म्हने वकील लयच कमी, परीक्षाच अशी कठीन का देता देता मानसाचे केस पिकतात.

"मंग तठले लोक भांडत नाहीत?" बाजूच्या बाकड्यावरचा, बपेरा गावचा एक मानूस बोलला.

"भांडतात ना. गावातच मिटवतात, नाहीतं मनात ठेवतात. आन् अमेरिकेत पाहा, इतके वकील का लोक त्यायच्यावर चुटकुले करतात, आन् भांडन झालं का पह्यले त्यायलेच बोलावतात. फ्रान्सकडं जज्ज सोताच खोदून खोदून विचारते, वकिलाले काम कमी."

तो बपेऱ्याचा म्हने, "आमच्या नदीपार मध्यप्रदेश हाये. तठले वकील हिंदीत खोटं बोलतात, इतकाच फरक."

"कोटाचा कपडा सगळीकडं येगळा," वकील म्हनले, "पर एक गोष्ट सगळ्या मुलखात सारखी. दुसऱ्याचा वकील चोर, आपला वकील देव. निकाल लागला का दोघंही चोर."

मी कधी मधात बोलत नसो. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "त्या विलायतेतल्या बाईनं मंग तीनदा कोनाले सांगावं जी? आयकनारा येगळा आन् बोलनारा येगळा तं?"

वकिलायनं पुस्तक मिटलं, त्याच्यावर डबी ठेवली. "ते याच्यात लिहिलं नाही," म्हनले.

माहा भाऊ रागीट. त्याले हे तीनदा सांगनं, पुस्तक, काहीच पटत नव्हतं. एका तारखेले तो संग आला आन् टेबलावर वाकून म्हनला, "वकीलसाहेब, सिधी गोष्ट हाये. तो आंगठाच आमचा नाही म्हनून टाका. कोन्या दुसऱ्या बाईचा हाये. आमी दोन साक्षीदार आनतो."

"आना," वकील म्हनले. "पर मंग दुसरा वकील पाहा."

"काहून? खोटं बोलाले लाज वाटते का तुमाले? वकील हाओ ना तुमी?"

मी घाबरली का आता हे उठून जातीन. ते उठले नाहीत. भावाचा दुपट्टा बोटात धरला, चोळला, सोडून देल्ला. "बाबू, खोटं बोलनं अशिलाचं काम हाये. आमी ते फक्त चांगल्या मराठीत सांगतो. पर आंगठा मराठी बोलत नाही. तो नागपूरले तपासाले गेला का सांगून देते, मी कोनाचा. मंग तुह्या बहिनीचं खरं बी कोनी आयकनार नाही." आन् मले म्हनले, "तू आंगठा नाकारू नोको. कोनी विचारलं तं सांग, हव, माहा हाये."

भाऊ रस्ताभर एस.टी.त बडबडत होता का हा वकील त्यायलेच मिळाला हाये, आन् मी पोरीले घट्ट धरून बसली होती, मले बी तसंच वाटाले लागलं होतं.

साक्षीच्या दिवशी मामाजी कठड्यात उभे राह्यले. मी त्यायले वर्षानं पाहून राह्यली होती. धोतर पांढरं शुभ्र, खांद्यावर दुपट्टा, पर मान बारीक झाली होती. मी सवयीनं पदर ओढला. त्यायचा वकील मोठ्या आवाजाचा होता, त्यानं कागद दाखवला, मामाजी म्हनले, हव, हाच. मंग हटवार वकील उठले. कोट घातला होता. उन्हानं तो कोट काळा नाही, जांभळासारखा झाला होता. मले वाटलं आता हे वरडतीन, बाकीचे वकील वरडत तसे. हे तं पारावर बसल्यासारखं बोलाले लागले.

"मामाजी, तुमची सून चांगली हाये का?"

"चांगली हाये. मी वाईट म्हनत नाही."

"वाचता येते तिले?"

"येते ना जी," मामाजी म्हनले, आन् त्यायच्या आवाजात मले ते जुनं आयकू आलं. "मले डोळ्यानं दिसत नाही तं तीच चिठ्ठीपत्री वाचून दाखवे. घरात दुसऱ्या कोनाले येत नाही."

"सही येते?"

"येते."

"मंग या कागदावर आंगठा काहून हाये?"

मामाजीले तो प्रश्नच येडपट वाटला. "आता माह्यासमोर सही कशी करन जी ते? चांगल्या घरची हाये."

मांगं कोनीतरी हासलं. जज्जसाहेबायनं मान वर केली.

"बराबर हाये," वकील म्हनले. "कागदात लिहिलं हाये, वाचून पाहिले, कबूल. कोनी वाचलं?"

"ते अर्जनवीसानं लिहिलं. तसं लिहाची रीत हाये."

"सून कुठं होती?"

"दाराआड."

"दाराआडून वाचलं तिनं?"

हटवार वकील दोन पावलं पुढं गेले आन् आवाज अजून खाली आनला. आमाले मांगं कान द्या लागला.

"मामाजी, ज्या सूनेले तुमच्यासमोर आपलं नाव लिहाची लाज वाटते, तिनं तुमच्यासमोर 'नाही' म्हनावं कसं?"

मामाजीनं कठड्याले हात लावला. त्यायचा वकील उठून इंग्रजीत काहीतरी बोलला, जज्जसाहेबायनं हातानं त्याले बसवलं. मामाजी म्हनले, "नाही म्हनत नाहीत आमच्या घरच्या सुना. म्हनत नाहीत म्हनून तं..." आन् तठीच थांबले.

"झालं," हटवार वकील म्हनले आन् येऊन बसले. इतकंच. मी मनात लय मोठ्या लढाईची तयारी करून आली होती.

मंग मले बोलावलं. जज्जसाहेब म्हनले, "अंगठा तुमचा आहे?" मी म्हनलं, हव जी, माहा. "पुन्हा लग्न करणार आहात?" मी वकिलायकडं पाहिलं, ते लिंबाकडं पाहत होते, खिडकीतून. म्हनलं, "करन जी. पोरीले संग ठेवन असा मानूस भेटला तं. नाहीतं नाही करन." मले वाटलं मी आपल्याच हातानं सगळं घालवलं.

निकालाच्या दिवशी आमी सगळे उभे होतो. जज्जसाहेबायनं सांगितलं, पोरगी मायजवळ राहीन. भावानं माह्या पाठीवर थाप मारली, ते मले लागलं बी. तवाच हटवार वकील उभे राह्यले आन् म्हनले, साहेब, आमच्या अशिलाची एक विनंती हाये. पोळ्याले आन् दिवाळीले पोरगी आजा-आजीकडं सिहोऱ्याले जाईन, तसं हुकुमात लिहावं.

भाऊ भायेर येऊन भडकला. "आपन जिंकलो ना जी? मंग तुमी कोनाचे वकील हाओ? आमी कोनी मागितलं होतं हे?"

वकील कोट काढत होते. एक बाही निघाली, दुसरी आडकली. "तुह्या बहिनीनं मागितलं," म्हनले. "तिसऱ्यांदा सांगितलं तवा."

भाऊ माह्याकडं पाहाले लागला. मी तसं मागितलं होतं का, ते मले आता बी सांगता येत नाही. पर मी नाही बी म्हनलं नाही.

दूर मामाजी एकटेच एस.टी.स्टँडकडं जाऊन राह्यले होते. वकिलायनं त्यायच्याकडं पाहिलं आन् म्हनले, "त्याले मी नाही हरवलं. खोटं बोलनाऱ्या साक्षीदाराले हरवनं सोपं हाये, त्याची मजा बी येते. हा खरं बोलला म्हनून हरला. अशाची मले भीती वाटते." मंग डबी उघडली. त्या दिवशी त्यायनं पुस्तक काही उघडलं नाही.

मंग माहा पाट बपेऱ्याले लागला. हे, माहे मालक, पोरीले संग ठेवनारे निघाले, जास्त बोलत नाहीत, पर पोरगी झोपली का तिच्या अंगावर चादर टाकतात. पोळ्याले पोरगी सिहोऱ्याले जाये. पह्यल्या वर्षी मी मनातल्या मनात तिचं रडनं आयकत दोन दिवस उपाशी राह्यली, ती तं तठी रडलीच नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरायच्या तान्ह्या पोळ्याले, मामाजीनं तिच्यासाठी लाकडाचा नंदी बनवला, चाकं लावले. पोरायच्या रांगेत एकटी पोट्टी नंदी घेऊन उभी, म्हनून गाव हासलं म्हने. मामाजी म्हनले, हासू द्या.

हटवार वकिलायले मी शेवटचं पाहिलं ते पोरगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी. मामाजी सोता बपेऱ्याले आले, ओसरीत बसले, पानी पिले आन् म्हनले, "पोराच्या हिश्शाच्या जमिनीतली धानाची बांधी पोरीच्या नावानं कराची हाये. ती लहान हाये, तवा पालक म्हनून तुही सही लागन. कागद तुह्याच वकिलाकडं करू."

ह्यायनं विचारलं, "त्याच वकिलाकडं? तुमाले हरवलं होतं ना त्यायनं?"

"हरवलं," मामाजी म्हनले. "पर माह्याबद्दल एक शब्द खोटा नाही बोलला. माहा वकील माह्यासाठी खोटं बोले, मलेच लाज वाटे."

तं आमी भंडाऱ्याले गेलो, मी, पोरगी आन् मामाजी. शेड दुप्पट लंबं झालं होतं, नवे टिन, तरने तरने वकील, एक-दोन बाया बी काळ्या कोटात. हटवार वकील त्याच लिंबाखाली, त्याच टेबलावर, समोर कोनी अशील नाही. दाढी वाढलेली, डोळ्याले जाड काच. मले ओळखलं का नाही मालूम नाही. मामाजीच्या खांद्यावरचा दुपट्टा मात्र बोटात धरला, चोळला आन् चेहरा उघडला त्यायचा. "हा आंधळगावचा हाये. हातमागाचा. अजून लय वर्षं जाईन."

कागद तयार झाला. वकिलायनं तो माह्या हातात देल्ला. "वाच," म्हनले. "मोठ्यानं."

मी मामाजीसमोर वाचला. अडखळत वाचला, जमिनीचे शब्द कठीन राहतात. मामाजी मान खाली घालून आयकत होते, पह्यले चिठ्ठी आयकत तसे. 'वाचून पाहिले, कबूल' आलं, ते मी दोनदा वाचलं.

"आता सही," वकील म्हनले आन् पेन पुढं केला.

पेन धरला. मामाजी समोरच बसले होते, एका हाताच्या अंतरावर. टेबलावर शाईची डबी उघडी होती, माहा आंगठा आपोआप तिकडं जाऊन राह्यला होता. वकिलायनं ते पाहिलं. डबी उचलली, झाकन लावलं, टेबलाच्या खनात टाकली. मंग आपली खुर्ची फिरवली, माह्याकडं पाठ करून लिंबाकडं तोंड केलं.

"मामाजी," म्हनले, "त्या लिंबाले औंदा लिंबोळ्या कमी हाएत का हो? मले दिसत नाही, तुमी जरा पाहा ना."

मामाजीले बी बरं दिसत नव्हतं. पर ते उठले आन् लिंबाकडं तोंड करून उभे राह्यले. दोघायच्या पाठी माह्याकडं, एका पाठीवर दुपट्टा, एका पाठीवर घामाचा सदरा, कोट खुर्चीवर टांगलेला. माह्याकडं पाहनारी एक पोरगीच होती. मी लिहाले लागली. आमच्याइथं बाईचं नाव लंबं राहते, आपलं, नवऱ्याचं, आडनाव.

"झालं का वं?" वकिलायनं पाठमोऱ्यानंच विचारलं.

अर्धंच झालं होतं.

"थांबा जी," मी म्हनलं.

दोघंही थांबले.